डावीकडची खिडकी

ब्रशचं टोक तावदानाच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन मी हलक्या हाताने वळवत होते, तेवढ्यात आतला पडदा सर्रकन वर गेला आणि काचेपलीकडे, माझ्या शिवणाच्या खोलीत, फॉन्स किली उभा दिसला. अंगात बनियन, तोंडात दात घासायचा ब्रश, हनुवटीपर्यंत फेस. माझ्या मनात आलेला पहिला विचार, खरं सांगायचं तर, भीतीचा नव्हता, रागाचा होता. शेजारी झाला म्हणून काय झालं, सकाळी सकाळी माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन दात घासायचे? मग हळूहळू त्याच्या मागची खोली दिसू लागली. शिवणयंत्र नव्हतं. कापडाचे तुकडे नव्हते. एक अरुंद पलंग होता, त्यावर तपकिरी कांबळ्याची नीट घडी होती, खुर्चीच्या पाठीवर विजार टाकलेली होती आणि भिंतीवर एका टगबोटीचा फोटो होता. म्हणजे फॉन्स आपल्या जागी बरोबर होता. जागा चुकली होती ती माझी. शिडीवर चढून, जीव ओतून, मी शेजाऱ्याच्या खिडकीला माझा पिवळा रंग फासला होता, आणि तोही जवळजवळ पुरा.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. जुन्या काचेतून माणूस जरा वाकडाच दिसतो, त्यामुळे त्याचा चेहरा हसरा होता की घाबरलेला ते कळेना. त्याने खिडकी वर सरकवायला हात पुढे केला आणि मी ओरडले, "हात लावू नकोस, ओलं आहे." तो लगेच थांबला. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर आयुष्य काढलेला माणूस, कुणी ओरडलं की आधी थांबतो आणि मग विचार करतो. त्याने बोटाने तोंडाकडे खूण केली, म्हणजे चूळ भरून येतो, आणि दिसेनासा झाला. मी शिडीवर एकटी. खाली बादली, वर आकाश, आणि हातात ठिबकणारा ब्रश.

चूक कशी झाली ते मला तिथेच उमगलं आणि हसू आवरेना. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे घर आतून ओळखते. अंधारातसुद्धा कुठे काय आहे ते माझ्या पायांना ठाऊक आहे. पलंगावरून उठलं, खिडकीकडे तोंड केलं, की शिवणाची खोली डाव्या हाताला. इतक्या वर्षांत डावा हात म्हणजे शिवणाची खोली हे अंगातच मुरलेलं. पण परसात उभं राहून भिंतीकडे तोंड केलं की सगळं उलटं होतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण परसातून माझ्या खिडक्या आजवर त्यांच्या जुन्या रंगावरून ओळखू यायच्या, डावं-उजवं बघावंच लागलं नव्हतं. आमच्या टेकडीवरची घरं एकमेकांना खेटून, एका रांगेत. पुढून एक लाल, एक निळं, एक जांभळं, कोणाचं कोणतं ते आंधळ्यालाही सांगता यावं. मागून मात्र सगळी सारखीच राखाडी. परसातलं मधलं कुंपण हिवाळ्यातल्या वाऱ्याने पाडलं, ते दोघांनीही पुन्हा उभं केलं नाही, उलट फॉन्सने त्याच्या फळ्या शेकोटीत घातल्या आणि दोन माझ्याही दारात आणून ठेवल्या. तर झोपायच्या खोलीची खिडकी आटोपून मी चहा प्यायला आत गेले, बाहेर आले आणि शिडी उचलून डावीकडे नेली. कालच्या दिवसात मी माझ्या खिडक्यांना पांढऱ्या अस्तराचा हात दिला होता. फॉन्सच्या खिडक्या जन्मापासून पांढऱ्या. वर चढल्यावर मला वाटलं, अगं बाई, अस्तर किती गुळगुळीत बसलंय, पहिल्याच खेपेला. मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की गाणं म्हणत होते.

आणि दिवसही तसाच होता. आमच्या सेंट जॉन्समध्ये उन्हाळा म्हणजे धुकं, आणि धुकं नसेल तेव्हा धुकं येणार याची वाट बघणं. ओल्या लाकडावर रंग धरत नाही, त्यामुळे असा कोरडा, वाऱ्याचा, स्वच्छ दिवस उजाडला की सगळं गाव हातातलं काम टाकून बाहेर पडतं. बायका एकमेकींना हाका मारतात, "कपडे वाळवायला छान दिवस आहे हो." मी पहाटेच उठले होते. रात्रभर फुगत ठेवलेल्या पिठाचे दोन गोळे तव्यावर तळून, वर काकवी ओतून, उभ्याउभ्याच खाल्ले, आणि बोटं चाटतच शिडी बाहेर काढली. रंगाचा डबा उघडला तेव्हा मला जे झालं ते मी कोणाला सांगणार नाही, पण इथे सांगते. अंड्याच्या बलकासारखा तो पिवळा रंग काठीने ढवळताना मला त्यात बोट बुडवून चाटावंसं वाटलं. दुकानातला डिक म्हणाला होता, "मोना, हा घराला लावणार आहेस की फेरीबोटीला?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाला लावायचाय, पण आधी घराचं होऊ दे."

या घराच्या खिडक्या आजवर हिरव्या होत्या. गसने बोट रंगवून उरलेला हिरवा. गस माझा नवरा, चार हिवाळ्यांपूर्वी गेला. गस वाईट नव्हता. हे वाक्य मी म्हटलं की लोक पुढच्या 'पण'ची वाट बघतात, तर 'पण' असा काही नाही. दर उन्हाळ्यात तो शिडी लावायचा आणि म्हणायचा, "मोना, शिडी धर." मी धरायची. त्याच्या शिट्टीचे सूर वरून येत, हिरवे थेंब वरून येत, ते मी केसांतून काढत बसायची. मला दिसायचे ते त्याच्या बुटांचे तळवे. इतके उन्हाळे मी बुटांचे तळवे बघितले की अजूनही ते मला त्याच्या चेहऱ्याइतकेच आठवतात, डाव्या टाचेला पडलेल्या चिरेसकट. एकदा मी विचारलं, मी जाऊ का वर? तो मनापासून हसला. "तू पडलीस तर जेवायला कोण घालणार?" आणि मीही हसले. रागावले नाही, वाईट वाटून घेतलं नाही, हसले. नंतर कितीतरी वर्षांनी, तो गेल्यावर, हिरव्या रंगाचे पापुद्रे स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून ओट्यावर गळून पडायला लागले तेव्हा ते पुसता पुसता मला माझं ते हसणं आठवायचं आणि जीव कसानुसा व्हायचा. या वर्षी पहिल्यांदा मी खरवडणी हातात घेतली. हिरव्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली तपकिरी, मग नुसतं लाकूड. फुटलेल्या जागी लांबी भरली, बोटाने दाबली, घासली. वर चढताना भीती वाटली ती फक्त पहिल्या दिवशी. वरून बंदर दिसतं, पलीकडचे कडे दिसतात, बोटी आत येताना दिसतात. गसने हे मला कधी सांगितलंच नव्हतं, की वरून इतकं सगळं दिसतं.

आता फॉन्सचं सांगायला हवं, कारण तो चूळ भरून कुठल्याही क्षणी येईल. फॉन्सने लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. गस होता तेव्हापासून रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे पत्ते खेळायला यायचा, गस गेल्यावर दोन-तीन रविवार आला नाही, मग एका रविवारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोघांतही खेळता येतं म्हणे." तेव्हापासून येतोय. भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्याचा खोकला मला माझ्या उशीशी ऐकू येतो आणि तो बंद झाला की मी निर्धास्त झोपते. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी पत्ते वाटता वाटता तो म्हणाला की त्याचं घर बघायला एक जोडपं येऊन गेलं, तरुण आहेत, घर आवडलंय त्यांना. त्याची बहीण ओंटारियोत, तिच्या तळघरात एक खोली रिकामी आहे. सोमवारी त्या जोडप्याला काय ते सांगायचं. "इथे राहायला काही कारण असतं," तो आपल्या पत्त्यांकडे बघत म्हणाला, "तर गोष्ट वेगळी होती."  मला सगळं समजलं होतं. मी काहीतरी बोलणारच होते, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "तुझ्या खिडक्यांची काळजी करू नकोस. जायचं की नाही ते पुढचं पुढे, पण खिडक्या मी करून देतो. तू फक्त शिडी धर." झालं. माझ्या आत काहीतरी गारठून बसलं. मी म्हटलं, "खिडक्या माझ्या मी करीन. पत्ते पिस." त्याने पिसले. त्यानंतर तो नेहमीपेक्षा लवकर उठून गेला, चहासुद्धा अर्धा टाकून.

हा सगळा आठवडा मी स्वतःशी भांडत होते. एवढा चांगला माणूस, एका साध्या वाक्यासाठी त्याला तोडायचा? मग दुसरं मन म्हणायचं, वाक्य साधं नाही, मोना, त्या वाक्यात तू आयुष्य काढलंस. मग पहिलं म्हणायचं, अगं पण तो खोकला. आणि सोमवार जवळ येत होता, उद्यावर आला होता, आणि मी उत्तर देण्याऐवजी खिडक्या खरवडत होते. रंगवताना मात्र हे भांडण थांबायचं. ब्रश बुडवायचा, डब्याच्या काठाला एका बाजूने निथळायचा, आणि लाकडाच्या रेषेने सरळ खाली आणायचा. काचेवर जरासा येऊ द्यायचा, केसभर, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. मनगट आपोआप चालायला लागतं. त्या वेळी मी कोणाची विधवा नसते, कोणाची शेजारीण नसते. साठी ओलांडलेल्या बाईला असं सुख मिळावं, तेही स्वतःच्या घराच्या पाठीमागे, हे मला अजून खरं वाटत नाही.

"मोना, अगं मोना," मागून हाक आली. बर्निस कॅडिगन. मागच्या गल्लीपलीकडे तिचं परस, आणि तिच्या हातात ओली चादर. "ठरलं कधी? निदान मला तरी सांगायचंस."

मला आधी कळेना, आणि मग कळलं तेव्हा शिडी घट्ट धरावी लागली. आमच्या गल्लीची एक रीत आहे. भिंतीचा रंग ज्याने त्याने आपला लावावा, पण दोन घरांच्या खिडक्या एका रंगाच्या असल्या की ती घरं एका कुटुंबाची. डॅली भावांची तीन घरं, तिन्हींच्या खिडक्या निळ्या. धाकट्या डॅलीचं थोरल्याशी बिनसलं तेव्हा त्याने तोंडाने काही सांगितलं नाही, एका शनिवारी आपल्या खिडक्या काळ्या केल्या, आणि रविवारपर्यंत अख्ख्या गल्लीला समजलं. समेट झाला तेव्हा पुन्हा निळ्या. कोणाची सून आली, कोण वेगळं निघालं, हे सगळं आम्हाला खिडक्या सांगतात. आणि मी माझ्या खिडकीला लागूनच्या फॉन्सच्या खिडकीला, कपड्यांना छान असलेल्या दिवशी, सगळ्या बायका परसात असताना, पिवळा रंग दिला होता. याहून मोठ्याने सांगायचं तर पाद्रीबाबांना प्रार्थनेच्या वेळी जाहीर करावं लागलं असतं.

"चूक झाली, बर्निस," मी ओरडले. "डावं-उजवं चुकलं."

"हो का?" बर्निस म्हणाली. तिने चादर दोरीवर टाकली आणि चिमटा तोंडातून काढला. "माझंही असंच चुकलं होतं. पाच पोरं झाली."

पलीकडची खिडकी वर गेली आणि फॉन्सचं डोकं बाहेर आलं. त्याने शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. "बर्निस, तुझी चादर चिखलात लोळतेय," तो म्हणाला. लोळत नव्हती, पण बर्निस बघायला वाकली आणि मग मुद्दामच बराच वेळ वाकून राहिली. फॉन्सने मान वळवून माझ्या कामाकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मध्ये हातभर भिंत. त्याच्या अंघोळीच्या साबणाचा वास माझ्यापर्यंत आला.

"काम छान झालंय," तो म्हणाला.

"चुकून झालंय."

"ते ऐकलं मी. सगळ्या टेकडीने ऐकलं." मग त्याने आवाज खाली आणला. "ओलं आहे तोवर निघेल, मोना. टर्पेंटाइन आहे माझ्याकडे. फडकं देतो. मला काढायचं नाहीये, पण तुझ्या चुकीचा फायदाही घ्यायचा नाहीये. उद्या मी त्या जोडप्याला नकार द्यायचा तो तू खरंच थांब म्हटलंस तर, डावं-उजवं चुकलं म्हणून नाही."

रंग सुकायला लागला की वेळ नसतो. खालची पट्टी अजून अर्धी राहिली होती, आणि अर्धवट सोडलं तर तिथे सांधा पडतो, तो नंतर कितीही हात दिले तरी दिसत राहतो. पुढे न्यायचं किंवा पुसायचं, मध्ये थांबता येत नाही. मी त्या पट्टीकडे बघत होते. मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाच्या डोळ्यांपुढून सगळं आयुष्य जातं. तसं काही झालं नाही. मला दिसले ते फक्त बुटांचे तळवे. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आठवडाभर जपून ठेवलेलं होतं.

"तू म्हणालास, शिडी धर."

"कधी?"

"मागच्या रविवारी. 'मी करून देतो, तू फक्त शिडी धर.'"

"हो. म्हणालो असेन."

"मी धरणार नाही, फॉन्स. गसची धरली, पुरे झालं. यापुढे कोणाचीच धरणार नाही. तू कितीही चांगला असलास तरी."

 वारा त्याचे बसवलेले केस विस्कटत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. मला वाटलं, आता हा दुखावणार, आत जाणार, खिडकी लावून घेणार, आणि संपलं. 

"बरं झालं बाई," तो म्हणाला आणि त्याने मोठा श्वास सोडला. "मला शिडीची भीती वाटते."

"काय?"

"दोन पायऱ्यांवर गेलो की गरगरतं. जन्मापासून. माझ्या खिडक्या दर उन्हाळ्यात भाचा येऊन रंगवतो, तुला काय वाटलं? मी पाण्यावर दिवस काढले ते काय हौस म्हणून? पाणी सपाट असतं."

"मग माझ्या खिडक्या कशा रंगवणार होतास?"

"डोळे मिटून," फॉन्स म्हणाला. "आठवडाभर झोप नाही मला. तू नको म्हणालीस तेव्हा इतकं हायसं वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं, की चहा टाकून आलो."

मी हसायला लागले. शिडीवर असं हसू नये, पण थांबता येईना. ज्या वाक्याने मला आठवडाभर गारठवून ठेवलं होतं, ते बोलायला या माणसाने केवढा जीव मुठीत धरला होता. आणि मी समजत होते काय, आणि ते होतं काय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं की कशाचं ते बघायला मला सवड नव्हती, कारण पट्टी सुकत होती. मी ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळला, आणि अर्धवट राहिलेल्या जागेपासून शेवटपर्यंत एका दमात नेला. सांधा पडला नाही. मी वाकून दोनदा पाहिलं. खरंच पडला नव्हता.

"अरे, बघत काय बसलायस," मी म्हणाले. "ती खिडकी बंद कर. तिच्यावर यायचंय मला आता."

तो मागच्या दाराने बाहेर आला तेव्हा त्याच्या पायांत सपाता होत्या. मी खाली उतरले, आम्ही दोघांनी मिळून शिडी उचलून पुढच्या खिडकीपाशी लावली, आणि मी पुन्हा वर चढले. त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. मी एकदा खाली पाहिलं. वरून फॉन्सचा टक्कल पडत चाललेला माथा दिसत होता आणि त्याने मान मुद्दाम खाली घातली होती, म्हणजे नुसतं वर बघूनही त्याला गरगरत असणार. शेजारपाजारच्या परसांतून कपड्यांच्या दोऱ्या पुढेमागे ओढायच्या चाकांचा आवाज थांबला होता. सगळ्या बायकांचे कपडे एकाच वेळी वाळत घालून झाले होते, असं दिसत होतं. मला कोणाचीच लाज वाटत नव्हती. मी पिवळा रंग पांढऱ्यावर चढवत होते आणि बंदरातून एक मोठी बोट बाहेर निघाली होती.

"मोना," थोड्या वेळाने खालून आवाज आला. "उद्या त्या लोकांना काय सांगू?"

"सांग, रंग ओला आहे. घर दाखवता येत नाही."

 मी वरची पट्टी पुरी केली. मग त्याने अगदी हळू विचारलं, "आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर पुढच्या बाजूच्या घ्यायच्या," मी म्हणाले. "रस्त्याकडच्या. आधी तुझ्या, मग माझ्या."

 शिडी थरथरायला लागली, आधी थोडी, मग चांगलीच, इतकी की मला चौकट धरावी लागली.

"फॉन्स, शिडी नीट धर. हलतेय."

"शिडी नाही हलत," तो म्हणाला. "मी हलतोय."